सगळीकडे प्रथिनंच साठतात, तर आजार वेगळे का?

प्रश्न असा आहे: अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन आणि एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) या चारही आजारांत मेंदूच्या पेशींत बिघडलेली प्रथिनं साठतात असं वाचनात येतं. बिघाड एकाच जातीचा असेल, तर एकाची आठवण जाते, दुसऱ्याचा हात थरथरतो, तिसऱ्याच्या स्नायूंतला जोर जातो, असं का? आणि साठलेलं प्रथिन काढून टाकणारी औषधं आता आली आहेत, तरी माणूस पहिल्यासारखा का होत नाही?

माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर शोधताना नजर प्रथिनावरून थोडी हटवावी लागते. प्रथिन ज्या पेशीत साठलं ती पेशी मुळात कशी जगत होती, तिचा रोजचा खर्च किती होता, हे पाहिल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

मी चेतारोगतज्ज्ञ आहे. शिकत असताना काही काळ मेंदूच्या विकृतिशास्त्रात काम केलं, आणि हा विचार मनात बसला तो तिथल्या एका टेबलावर. निरोगी प्रौढ माणसाचा मध्यमेंदू आडवा कापला की दोन्ही बाजूंना एकेक काळपट रेघ दिसते, काजळाने ओढलेल्या भुवईसारखी. हा सबस्टॅन्शिया नायग्रा. काळेपणा न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्याचा, डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशींत ते वयाबरोबर साचत जातं. पार्किन्सनच्या रुग्णाचा काप शेजारी ठेवला की रेघ पुसट झालेली नुसत्या डोळ्यांनी कळते. मग सूक्ष्मदर्शक लावायचा. उरल्यासुरल्या पेशींपैकी एखादीत गुलाबी गोळा असतो, त्याच्या भोवती फिकट कडं. ही लुई बॉडी. असे गोळे फ्रिट्झ लुई यांनी १९१२ मध्ये मेंदूच्या दुसऱ्या भागांत पाहिले होते; नायग्रातले गोळे १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी दाखवले; आणि त्यातलं मुख्य प्रथिन अल्फा-सिन्युक्लिन आहे हे कळायला १९९७ उजाडलं. गोळ्याच्या आसपास तपकिरी कण विखुरलेले असतात, काही उघड्यावर, काही मायक्रोग्लिया नावाच्या सफाई पेशींच्या पोटात. पेशी मेली, शाई सांडली.

पण त्या दिवशी आमच्या सरांनी काच काही मिलिमीटर मध्याकडे सरकवली आणि विचारलं, "इथे काय दिसतंय?" तिथेही डोपामिनच बनवणाऱ्या पेशी होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा शाबूत होत्या. रसायन तेच, मेंदू तोच, वय तेच. एक वस्ती ओसाड आणि शेजारची बऱ्यापैकी नांदती.

आधी प्रथिनाचं बोलू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. तिला ठरावीक घडी पडली की ती कामाची होते. काही माळांची घडी चुकली तर त्या एकमेकींवर थप्पी लावल्यासारख्या चपखल बसतात. ही थप्पी सहजासहजी मोडत नाही, आणि तिचा मोठा उपद्रव म्हणजे तिचं टोक साच्याचं काम करतं: जवळ आलेली चांगली माळही तीच वाकडी घडी घेऊन थप्पीत सामील होते. थप्पीचा तुकडा पडला की तो नवा साचा. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये अशा स्वतःची नक्कल करवून घेणाऱ्या प्रथिनाला प्रायॉन हे नाव दिलं, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. जनुकद्रव्याशिवाय एखादी गोष्ट पसरतेच कशी, हा आक्षेप होता. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग २००८ मध्ये पार्किन्सनच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट पुढे आली. काही रुग्णांच्या मेंदूत फार पूर्वी गर्भातल्या डोपामिन पेशींचं रोपण केलं होतं. रोपणानंतर ११ ते १६ वर्षांनी हे रुग्ण वारले आणि शवविच्छेदनात त्या रोपलेल्या पेशींमध्येही लुई बॉडी सापडल्या. वयाने अवघ्या दीड दशकाच्या पेशी, दुसऱ्याच जीवाच्या, आणि आजार यजमानाचा. बिघडलेली घडी एका पेशीतून दुसरीत जाते, याला माणसांमधला इतका बोलका पुरावा तोवर नव्हता.

इथे रुग्णांचे नातेवाईक लगेच विचारतात: म्हणजे हे संसर्गजन्य आहे का? नाही. सोबत राहून, सेवा करून, एका ताटात जेवून यातलं काहीही लागत नाही. मृतांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढलेलं वाढीचं संप्रेरक पूर्वी लहान मुलांना टोचत असत. त्यातून काहींच्या मेंदूत अमिलॉइडची, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणाऱ्या प्रथिनाची, बीजं गेल्याचं नंतर दिसून आलं. ती पद्धत १९८५ मध्येच बंद झाली. रोजच्या व्यवहारातल्या माणसाने यावर झोप उडवून घेऊ नये.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. २०१७ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या टाऊ प्रथिनाच्या तंतूंची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीवर दिसली. पुढच्या काही वर्षांत पिक रोग, कॉर्टिकोबेसल झीज, वारंवार डोक्याला मार बसलेल्या खेळाडूंचा आजार, यांतले टाऊ तंतू पाहिले गेले. प्रत्येक आजारात टाऊची घडी वेगळी निघाली, आणि तोच आजार असलेल्या दोन वेगवेगळ्या माणसांत मात्र तीच. म्हणजे 'टाऊ साठतं' हे वाक्य अपुरं आहे. माळ एक असली तरी घड्या अनेक, आणि कुठली घडी पडली यावर ती कुठल्या पेशींत शिरकाव करणार, हे बऱ्याच अंशी ठरत असावं.

उरलेलं अर्धं उत्तर पेशीकडे आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

नायग्रातली एक पेशी घ्या. तिच्यापासून निघणारा ॲक्सॉन, म्हणजे संदेश पुढे नेणारा लांब धागा, पुढे जाऊन इतक्या फांद्या फोडतो की माणसाच्या एका पेशीच्या जोडण्या १० लाखांहून अधिक असाव्यात असा अंदाज आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, तरी विश्रांतीच्या वेळी तो शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खातो; त्या खादाड अवयवातही ही पेशी खादाडात मोडते. शिवाय ती कुणी हाक मारायची वाट पाहत नाही. स्वतःहून सेकंदाला दोन-चार ठोके देत राहते, आणि प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत येतं. ते बाहेर फेकायला पुन्हा ऊर्जा. ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया सतत ताणाखाली, त्यांतून निघणारे ऑक्सिजनचे दाहक रेणू, त्यात डोपामिनचं स्वतःचंच ऑक्सिडीकरण झालं की तेही विषारी. मध्याकडच्या त्या शाबूत पेशी हा कॅल्शियमचा भार इतका घेत नाहीत, आणि कॅल्शियम शोषून धरणारं एक प्रथिन त्यांच्याकडे भरपूर असतं. शेजारणी खऱ्या, पण एकीच्या संसारात शिल्लक पडते आणि दुसरीचा महिनाअखेर कायमच तंगीचा.

ही तंगी किती जीवघेणी, हे १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात अपघाताने कळलं. बेकायदा बनवलेलं अफूसदृश द्रव्य टोचून घेणारी काही तरुण मुलं अचानक लाकडासारखी ताठ झाली, हुबेहूब पार्किन्सनच्या शेवटच्या टप्प्यासारखी. द्रव्यात एमपीटीपी नावाची अशुद्धी होती. मेंदूत तिचं जे विष बनतं ते डोपामिन पेशींच्या दारातून आत घेतलं जातं आणि मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जानिर्मितीची पहिलीच पायरी बंद पाडतं. इथे आधी प्रथिन साठून मग पेशी मेली असं घडलंच नव्हतं. ऊर्जा तोडली, आणि सगळ्या मेंदूत नेमक्या याच पेशी आधी कोलमडल्या. आनुवंशिक पार्किन्सनची जनुकं हीच दिशा दाखवतात. पिंक-१ आणि पार्किन ही खराब मायटोकॉन्ड्रिया हेरून मोडीत काढणारी जोडगोळी. जीबीए हे पेशीचा कचरा पचवणाऱ्या लायसोसोममधल्या एका विकराचं जनुक. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर गोशे रोग होतो, एक सदोष असली तर पार्किन्सनचा धोका वाढतो. कचरा उचलणारी यंत्रणा थोडी जरी मंदावली, तरी काठावर जगणाऱ्या पेशीला ते पेलत नाही, मग अल्फा-सिन्युक्लिन साठतं, आणि साठलेलं पुन्हा लायसोसोमलाच गुदमरवतं. कोंबडी आधी की अंडं, हा वाद इथे मी घालत नाही. चक्र कुठूनही सुरू झालं तरी फिरतं सारखंच.

(हे वाचून कुणी 'अँटिऑक्सिडंट' गोळ्या सुरू करणार असेल, तर थांबा. पार्किन्सनमध्ये ई जीवनसत्त्व आणि कोएन्झाइम क्यू-१० या दोघांच्याही मोठ्या, नीट केलेल्या चाचण्या झाल्या. दोन्हींत फायदा दिसला नाही. कारण बरोबर सापडलं म्हणजे गोळी लागू पडतेच असं नाही.)

एएलएसमधल्या पेशीची अडचण वेगळी: अंतर. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशीला पायाच्या बोटांपर्यंत पोचायचं तर जवळपास मीटरभर लांबीचा ॲक्सॉन लागतो. माल मात्र बहुतेक पेशीच्या मुख्य भागातच तयार होतो. जलद वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे मीटरभर जायला अडीच दिवस. पण पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं संथ मार्गाने, दिवसाला मिलिमीटरच्या आसपास सरकतात. तोच मीटर गाठायला त्यांना पावणेतीन वर्षं लागतात. या मार्गावरची छोटी अडचणही टोकाला किती उशिरा आणि किती मोठी होऊन पोचत असेल, याची कल्पना करा.

बहुसंख्य एएलएस रुग्णांत साठणारं प्रथिन टीडीपी-४३, हे २००६ मध्ये कळलं. त्याची खरी जागा पेशीकेंद्रात. तिथे ते आरएनएच्या, म्हणजे जनुकाच्या कामापुरत्या नकलेच्या, मजकुरातला नको तो भाग गाळण्याचं संपादकाचं काम करतं. आजारात ते केंद्र सोडून बाहेर येतं आणि तिथे गोळा होतं. मग आत संपादक नाही, मजकुरात निरर्थक तुकडे घुसतात, आणि ज्या प्रथिनांची निर्मिती बंद पडते त्यात स्टॅथमिन-२ असतं, ॲक्सॉनच्या डागडुजीला हवं असणारं. आता बाहेरचा गोळा एखाद्या औषधाने विरघळवला, तरी संपादक खुर्चीवर परत बसला का, हा प्रश्न उरतोच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा एक धागा इथे आहे.

आणि इथेही शेजारी वाचतात. एएलएसमध्ये हातपाय, जीभ, श्वासाचे स्नायू जातात, पण डोळे हलवणाऱ्या चेतापेशी बहुधा शेवटपर्यंत साथ देतात. सगळं शरीर निपचित असलेला रुग्ण नजरेच्या हालचालीवर चालणाऱ्या संगणकातून बोलतो, तो याच पेशींच्या जोरावर. या पेशी मोजकेच स्नायुतंतू सांभाळतात. मांडीच्या स्नायूतली एक पेशी शेकडो सांभाळते.

हंटिंग्टनचं कोडं वरवर सगळ्यात सोपं होतं. १९९३ मध्ये जनुक सापडलं, चौथ्या गुणसूत्रावर. त्यात सीएजी ही तीन अक्षरं एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. अशा ३५ पुनरावृत्तींपर्यंत आजार होत नाही, ३६ ते ३९ला होईल किंवा नाही, ४० आणि पुढे जवळजवळ खात्रीने होतो. दोष शरीराच्या प्रत्येक पेशीत जन्मापासून असतो. मग तो चाळिशीतच का उफाळतो, आणि मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाच्याच पेशी का आधी मरतात? गेल्या दहा वर्षांत याचं जे उत्तर आकाराला आलं ते मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं. ही पुनरावृत्ती आयुष्यभर स्थिर राहत नाही. काही पेशींत ती वाढत जाते. स्ट्रायटमच्या पेशींत वाढ सर्वांत जास्त. डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणाच ती घडवते: दुरुस्ती करायला जाते आणि दर वेळी एखादी सीएजी जास्त शिवून ठेवते. आजार लवकर येणार की उशिरा, हे बदलणारी जनुकं शोधली तेव्हा एमएसएच-३, एफएएन-१ अशी दुरुस्तीचीच जनुकं हाती लागली. २०२५च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकेका पेशीतली लांबी मोजली. ती दशकानुदशकं संथ वाढत जाते आणि साधारण १५०च्या पुढे गेल्यावर मग त्या पेशीचा कारभार झपाट्याने कोसळतो. असं असेल तर चाळीस वर्षं त्या पेशीत प्रथिनाचं विष भिनत नव्हतं, तिथे घड्याळ चालू होतं.

हंटिंग्टनमधल्या गोळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट. २००४ मध्ये पेट्रीडिशमधल्या चेतापेशींवर दिवसेंदिवस नजर ठेवून एका गटाने पाहिलं, की ज्या पेशींत प्रथिनाचा मोठा गोळा बनला त्या जास्त जगल्या. ज्यांत ते विरघळलेल्या रूपात पसरून राहिलं त्या आधी मेल्या. गोळा म्हणजे पेशीने पसारा एका कोपऱ्यात लोटून दार लावून घेतलेलं असू शकतं. आम्ही शंभर वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली जे ठळक दिसतं त्यालाच गुन्हेगार म्हणत आलो, आणि ते प्रत्येक वेळी खरं नव्हतं.

आता अल्झायमर. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनमध्ये आलॉइस अल्झायमर यांनी पन्नाशीतच स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतल्या दोन गोष्टी सांगितल्या: पेशींबाहेरचे थर आणि पेशींच्या आतले गुंते. बाहेरचं अमिलॉइड-बीटा, आतलं टाऊ. अमिलॉइड ज्या प्रथिनातून कापलं जातं त्याचं जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात आणि चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत हे बदल दिसतात. उलट आइसलँडमध्ये याच जनुकातला एक दुर्मिळ बदल सापडला, ज्याने अमिलॉइड कमी बनतं आणि अल्झायमरपासून संरक्षण मिळतं. तेव्हा अमिलॉइडचा हात नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण अमिलॉइड सुरुवात करून देतं, पुढचं काम टाऊ करतं. स्मृती किती गेली याचा मेळ अमिलॉइडच्या साठ्याशी फारसा बसत नाही. तो टाऊ कुठवर पसरलं आणि चेतापेशींमधल्या किती जोडण्या तुटल्या याच्याशी बसतो. २०१९ मध्ये कोलंबियातल्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्या कुटुंबात प्रेसेनिलिन-१ या जनुकाचा दोष होता, ज्यात चाळिशीतच विस्मरण सुरू होतं. तिच्या मेंदूत अमिलॉइड खच्चून भरलेलं, तरी सत्तरीपर्यंत ती बऱ्यापैकी ठीक होती. तिच्याकडे एपीओई जनुकाच्या एका दुर्मिळ बदलाच्या दोन प्रती होत्या, आणि टाऊचा साठा अपेक्षेपेक्षा फारच कमी होता. अमिलॉइड आणि टाऊ यांच्यामधली साखळी तिच्यात कुठेतरी तुटली होती. ती साखळी बहुधा मायक्रोग्लियांतून जाते. उतारवयातल्या अल्झायमरचा धोका वाढवणारी जनुकं पाहिली, तर ट्रेम-२सारखी त्यातली कितीतरी मुख्यतः याच सफाई पेशींत काम करतात. या पेशी अमिलॉइडला घेरतात हे चांगलं. पण चिडल्या की चांगल्या जोडण्याही कुरतडतात.

आता दुसरा प्रश्न थेट घेतो. लेकॅनेमॅब हे औषध अमिलॉइड खरोखर काढतं, स्कॅनवर ते स्पष्ट दिसतं. मुख्य चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५ गुणांचा. मेंदूला सूज आणि बारीक रक्तस्राव यांचा धोका आहे, एपीओई जनुकाच्या एपीओई-४ या प्रकाराच्या दोन प्रती असलेल्यांना जास्त. माझ्या रुग्णांना मी सांगतो: घसरगुंडीचा उतार थोडा कमी होतो, वर चढता येत नाही. वर चढायला पेशी हव्यात, आणि मेलेल्या चेतापेशीच्या जागी नवी येत नाही. अमिलॉइड लक्षणांच्या १५ ते २० वर्षं आधीपासून साठत असतं. आम्ही औषध लावतो तोवर टाऊ स्वतःच्या पायांवर पसरू लागलेलं असतं. त्याला आता अमिलॉइडची गरज उरलेली नसते. म्हणून लक्षणं नसलेल्या पण अमिलॉइड असलेल्या लोकांना औषध देऊन पाहण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. पार्किन्सनमध्येही तेच: हाताचा कंप दिसेपर्यंत नायग्रातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. खोदून विचारलं तर वास येणं कधीचंच गेलेलं असतं, आणि जोडीदार सांगतो की गेली दहा-बारा वर्षं हे झोपेत लाथा मारतात, ओरडतात. आजाराचं खरं वय ते असतं.

सुरुवातीच्या कारणापर्यंत पोचता आलं तर चित्र निराळं दिसू शकतं. एएलएसच्या थोड्या रुग्णांत एसओडी-१ जनुक सदोष असतं. टोफर्सेन हे औषध त्या जनुकाचा आरएनएच मोडतं, म्हणजे प्रथिन बनण्याआधीच. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते लवकर सुरू केलेल्या काही रुग्णांत घसरण थबकली, काहींत किंचित ताकदही परतली. पण हे एका जनुकाचं, मोजक्या लोकांचं औषध.

उतारवयातल्या रुग्णांबाबत एक भर घालावी लागेल. ऐंशीच्या पुढच्या मेंदूंचे काप पाहिले की एकच प्रथिन क्वचित सापडतं. अल्झायमरचं निदान असलेल्या मेंदूत अमिलॉइड आणि टाऊबरोबर लुई बॉडी असतात, टीडीपी-४३ असतं, बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात. यातलं एक काढलं तर बाकीचे तिथेच असतात. कागदावर आजाराचं नाव आम्ही एकच लिहितो, कारण तिथे रकाना एकच असतो.